विश्लेषण : हातात काम, कानात गाणे... कुठे चालते, कुठे महागात पडते?

पाऊस लांबला आणि इटियाडोहच्या कालव्याला पाणी सुटले, की अर्जुनी मोरगाव तालुक्यातील बांध्यांमध्ये रोवणीची एकच घाई होते. गुडघाभर चिखलात महिलांची रांग वाकून मागे मागे सरकत असते. धुऱ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ब्लूटूथ स्पीकर वाजत असतो. कधी मराठी, कधी हिंदी, कधी छत्तीसगढी. शेजारच्या बांधीत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरचालकाच्या कानात इअरबड, रस्त्यावरच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात रेडिओ, आणि रेशनच्या रांगेतही कुणाच्या तरी खिशातून गाणे चालूच. रांगेतल्याचे सोडून देऊ. पण ज्यांचे पोट हातावर आहे, त्यांच्या कामात हे गाणे नेमके काय करते? मदत, करमणूक की घात?

रोवणीला गाणे लागतेच कशाला?

एक साधे गणित करून पाहू. धानाची रोवणी २० बाय १५ सेंटिमीटर अंतरावर केली, तर एका चौरस मीटरमध्ये सुमारे ३३ चुडे बसतात. म्हणजे एका एकरात जवळपास १ लाख ३५ हजार. हाताने रोवणी करायला एकरी साधारण दहा महिला एक दिवस लागतात असे धरले, तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेतेरा हजार चुडे येतात. आठ तासांच्या हिशेबाने दर दोन सेकंदांनी एक. प्रत्यक्षात दोरी लावून इतक्या मापात रोवणी होत नाही, पण अंदाज यायला एवढे पुरे. दिवसभर वाकलेली कंबर आणि दर दोन सेकंदांनी चिखलात जाणारा हात.

हे काम एकटीचे नाही. रांग एका सरळ रेषेत मागे सरकली पाहिजे. एक मागे पडली की तिच्यासमोरचा पट्टा रिकामा राहतो आणि बाजूच्या दोघींना तो भरावा लागतो. झाडीपट्टीतील रोवणीच्या गाण्यांची बांधणी बघा. एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती उचलायची. ओळ उचलली जाते तेव्हा हातही एकाच चालीने पडतात. कोण दमली, कोण मागे राहिली, हे मान वर न करता आवाजावरूनच कळते. गाणे इथे दोरीचे काम करते.

ताल आणि शरीर यांचा हा संबंध प्रयोगशाळेतही मोजला गेला आहे. ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, गाण्याच्या तालाशी पायांची गती जुळवून सायकल चालवणाऱ्यांना ताल न जुळवणाऱ्यांपेक्षा सुमारे सात टक्के कमी ऑक्सिजन लागल्याचे आढळले. मेहनत तीच, खर्च थोडा कमी. सायकल आणि रोवणी एक नव्हे हे खरे, पण तालाने शरीराचा खर्च वाचतो हे आपल्याकडच्या मोट हाकणाऱ्याला, भलरी म्हणत पीक कापणाऱ्याला आणि जाते ओढणाऱ्या बाईला कुणी शिकवावे लागले नव्हते.

जात्यावरच्या ओव्यांचे काय झाले, हेही इथे आठवावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजेच ‘पारी’, २०१७ पासून त्या प्रसिद्ध करत आहे. संग्रह प्रचंड आहे, पण त्यातल्या बहुतेक ओव्या आज कुणी जात्यावर बसून म्हणत नाही. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते उभे करून ठेवले गेले, तेव्हा ओवीच्या हातातले काम गेले. रोवणी यंत्र ज्या बांधीत उतरते, तिथे हेच होते. यंत्रावर बसलेल्याला ताल लागत नाही, त्याला डिझेल लागते.

मोबाइलवरचे गाणे वेगळे कसे?

रोवणीचे गाणे कामातून निघते. काम थांबले की ते थांबते. पऱ्ह्यांची पेंढी संपली, साप दिसला, वीज कडाडली, की ओळ अर्ध्यावर तुटते, कारण गाणारीच काम करणारी असते. मोबाइलमधल्या गाण्याला काम दिसत नाही. ते आपल्या चालीने पुढे जात राहते.

शिवाय दोघांचे काम वेगळे आहे. पहिले हात हलवते, दुसरे कंटाळा मारते. कंटाळा मारणे हेही काही कमी मोलाचे नाही. भंडारा-गोंदिया पट्ट्यात घरोघरी विडी वळणाऱ्या महिलांचा हिशेब हजाराच्या गड्डीवर होतो. तेंदूपान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा, आणि पुन्हा तेच. डोळे आणि बोटे गुंतलेली, कान मात्र रिकामे. असा रिकामा कान भरण्याच्या तऱ्हा जगभर निघाल्या. क्युबातील सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस नेमला जाऊ लागला. केरळमधील कन्नूरच्या दिनेश बिडी सहकारी संस्थेतही वर्तमानपत्र वाचून दाखवण्याची प्रथा होती. आपल्याकडे हे काम रेडिओने केले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि शिंप्याच्या, घड्याळजीच्या, सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानात ती कायमची जाऊन बसली. आकाशवाणी मुंबईची ‘कामगार सभा’ तर नावापासूनच कष्टकऱ्यांची होती.

कारखान्यात गाणे वाजवले कुणी, आणि का?

मालकांनी, उत्पादन वाढावे म्हणून. ब्रिटनमध्ये वायट आणि लँगडन या संशोधकांनी १९३७ साली एकसुरी कामातील थकवा व कंटाळ्यावर अहवाल लिहिला. कामाच्या वेळी काही काळ संगीत वाजवले की हात वेगाने चालतात, असे त्यांना दिसले. मग दुसरे महायुद्ध आले, दारूगोळ्याचे कारखाने दिवसरात्र चालू लागले आणि जून १९४० मध्ये बीबीसीने ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला. तो १९६७ पर्यंत चालला.

त्यातल्या दोन गोष्टी आजच्या इअरबडवाल्यांनी ऐकाव्यात अशा आहेत. एक, कार्यक्रम अर्ध्या तासाचा असायचा. सकाळी एकदा, दुपारी एकदा. अख्खी पाळी गाणी वाजत नसत, कारण सतत वाजणारे गाणे थोड्या वेळाने कानाला भिंतीसारखे होते, असते पण जाणवत नाही. दुसरी गोष्ट अधिक गमतीची. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास’ हे त्या काळचे तुफान लोकप्रिय गाणे बीबीसीने या कार्यक्रमातून वगळले. त्यात मध्येच टाळ्यांचा ठेका आहे. तो आला की कामगार हातातले काम सोडून टाळ्या वाजवतील किंवा हत्यारांनी ठेका धरतील, अशी भीती होती. म्हणजे ज्यांनी गाणे कारखान्यात आणले, त्यांनाच ते कुठे हात घालू शकते याची धास्ती होती.

मग अडचण नेमकी कुठे?

अडचण अशा कामांत आहे, जिथे कान रिकामा नसतो. तो हत्यार असतो.

इटियाडोहच्या लाभक्षेत्राचेच उदाहरण घेऊ. गाढवी नदीवरचे हे मातीचे धरण १९७० मध्ये पूर्ण झाले. उंची सुमारे ३० मीटर, लांबी सुमारे ५०० मीटर. त्याचे पाणी गोंदियासह भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यातील शेतीपर्यंत पोहोचते. जिथे कालवा पोहोचत नाही तिथे पंप आहेत, आणि पंप आहेत तिथे जळलेल्या मोटारी आहेत. उन्हाळी धानाच्या दिवसांत वायंडिंगच्या दुकानांपुढे मोटारींची रांग लागते.

थ्री-फेज मोटार जळण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे सिंगल फेजिंग. तीनपैकी एक फेज गेला की उभी मोटार फिरत नाही, नुसती ‘घूं’ करत राहते. फिरती असेल तर फिरत राहते, पण उरलेल्या दोन फेजवर जादा प्रवाह ओढते आणि तिचा आवाज जड होतो. काही मिनिटांत वायंडिंग तापून जळते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नावाचे उपकरण हे ओळखून मोटार बंद करते. ते नसेल किंवा बिघडलेले असेल, तर मिस्त्रीचा किंवा शेतकऱ्याचा कान हाच प्रिव्हेंटर.

आता इथली खरी मेख पाहा. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. प्रत्येक आवर्तनात चुंबकीय ओढ दोनदा येते, म्हणून मोटारीची घरघर मुख्यतः १०० हर्ट्झची असते. जाड, सलग, न बदलणारी. नॉइज कॅन्सलिंग इअरबड कसे काम करते? त्यातला मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमकी उलटी लहर कानात सोडतो. हे तंत्र खालच्या सुरातल्या, सलग चालणाऱ्या आवाजावर सर्वांत चांगले चालते. विमानातली घरघर, पंख्याचा आवाज आणि अर्थातच १०० हर्ट्झची घूं. म्हणजे प्रवासासाठी बनवलेले यंत्र मिस्त्रीच्या कानातून नेमका तोच आवाज पुसते, ज्यासाठी तो तिथे उभा आहे. शेजारी कुणी हाक मारली तर एक वेळ ती ऐकू येईल, पण मोटारीची तक्रार येणार नाही.

गोंदियाच्या भातगिरणीतही असेच. रबर रोलच्या शेलरमध्ये धान येत असते तोवर एक भरलेला आवाज असतो. वरून धान यायचे थांबले की तो पोकळ होतो. रोल वेळीच वेगळे केले नाहीत तर दोन्ही रबर एकमेकांवर घासून झिजतात. एलिव्हेटरचा पट्टा घसरू लागला की चीं-चीं येते. जुना ऑपरेटर पाठमोरा उभा राहूनही हे ओळखतो. वेल्डिंग करणाऱ्याला विचारा. आर्कचे अंतर बरोबर असेल तर भजी तळल्यासारखा सलग आवाज येतो, अंतर वाढले की तो फुटतो. चिखलणीत ट्रॅक्टरच्या इंजिनाचा दम कमी झालेला आधी ऐकू येतो, चाक रुतलेले नंतर दिसते. मळणी यंत्रापाशी तर काही सांगायलाच नको. हात अडकलेल्याची पहिली किंकाळी ऐकून यंत्र बंद करणारा माणूस तिथे लागतो.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लेथवर इअरफोन लावून उभ्या राहिलेल्या एका विद्यार्थ्याला प्रशिक्षकांनी बाहेर काढले होते. तो विद्यार्थी मी. वायर चकमध्ये अडकेल म्हणून रागावले असतील, असे तेव्हा वाटले. ते कारण होतेच. पण टूल बोथट झाले, की धातू कापल्याचा सुर्र आवाज जाऊन थरथर सुरू होते, आणि ती ऐकायलाच मी तिथे नव्हतो, हे ध्यानात यायला पुढची दोन सत्रे गेली. वायरलेस इअरबडने पहिला धोका संपवला. दुसरा तसाच आहे.

किती आवाज म्हणजे जास्त?

अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत ठीक. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. ऐकायला तीन डेसिबलचा फरक किरकोळ वाटतो, पण डेसिबल ही साधी बेरीज नाही. तीन डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली.

केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी ९० डेसिबल सहज असतात. त्यावर गाणे ऐकू यायचे तर तेही किमान तेवढेच मोठे हवे. ९० आणि ९० मिळून १८० नव्हे, ९३ होतात. नुसत्या ट्रॅक्टरला जी मर्यादा अडीच तासांची होती, ती गाण्यासकट सव्वा तासावर आली. आणि चालक बसतो सकाळपासून अंधार पडेपर्यंत.

मोजायला यंत्र नसेल तर एक सोपी खूण आहे. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथे ८५ च्या आसपास किंवा अधिक डेसिबल आहेत. अशा ठिकाणी गाणे नको, कानात इअरप्लग हवा. इअरप्लग आणि इअरबड दिसायला भावंडे असली तरी एक आवाज अडवतो, दुसरा भरतो. बाजारातला साधा इअरबड हे सुरक्षा साधन म्हणून तपासलेले नसते, मग त्यावर ‘नॉइज कॅन्सलिंग’ लिहिलेले असो की आणखी काही.

कायद्याचे म्हणाल, तर आवाजामुळे येणारा बहिरेपणा कारखाने अधिनियमाने कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातला. पण दोन माणसांचे वायंडिंगचे दुकान कारखाना ठरत नाही, आणि बांधीत चालणारा ट्रॅक्टर तर नाहीच. तिथे कान तपासायला कुणी येत नाही.

एक कान मोकळा ठेवला तर?

हा सर्वांचा आवडता तोडगा. अर्धाच कामाचा. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांतला फरक मोजून ठरवतो. एक कान बंद असेल तर हाक ऐकू येते, पण डावीकडून की उजवीकडून ते चटकन कळत नाही. मागे येणारी ट्रॉली आणि सुटलेला दोर यांच्या बाबतीत तेच कळणे महत्त्वाचे. दुसरे असे, की एकाच कानाने ऐकताना गाणे दबलेले वाटते आणि बोट आपोआप आवाज वाढवते. नुकसान मग त्या एका कानाच्या वाट्याला येते.

त्यापेक्षा धुऱ्यावरचा स्पीकर कितीतरी बरा. सगळ्यांना एकच गाणे ऐकू येते, कान उघडे राहतात, आणि कुणी ओरडले तर ते गाण्याच्या वरून ऐकू येते. मोठा आवाज करून शेजारच्या बांधीला वैताग दिला नाही म्हणजे झाले. वायंडिंगच्या दुकानातही तसेच. कॉइल भरताना, वेढे मोजून झाल्यावर, इन्सुलेशनचा कागद कापताना रेडिओ खुशाल असावा. वेढे मोजताना नको. शब्द असलेले गाणे मोजणीत हमखास लुडबुड करते, कारण मोजणीही मनातल्या मनात शब्दांनीच चालते. आणि मोटार टेस्टिंगला लावली की रेडिओ बंद. गिरणी सुरू करताना, ट्रॉली मागे घेताना, जड वस्तू उचलताना हाच नियम लावता येईल.

आणि जंगलात?

इथे मात्र दुसरे मत असू नये. इटियाडोहचा परिसर नवेगावच्या जंगलाला लागून आहे. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि त्यानंतर तेंदूपाने गोळा करायला माणसे पहाटेच जंगलात शिरतात. मोह वेचणारी व्यक्ती खाली वाकलेली असते, तिला समोरचे दिसत नाही. अस्वलालाही मोह आवडतो. अशा वेळी वानराचा खॅक् खॅक् असा इशारा, चितळाची शिट्टी, वाळलेल्या पानांवरचे पाऊल, एवढीच काय ती पूर्वसूचना. गटाने जायचे आणि एकमेकांना हाका देत राहायचे, ही जुनी रीत त्यासाठीच आहे. हाकांमुळे जनावरालाही माणसाची चाहूल लागते आणि ते बाजूला होते. कानात इअरबड असलेला माणूस गटात असूनही एकटा असतो. त्याला हाक ऐकू येत नाही आणि तो उलट हाकही देत नाही.

कान बिघडतोय हे कळते कसे?

उशिरा कळते, हाच तर घोळ आहे. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला मार बसतो तो ४ हजार हर्ट्झच्या आसपास. रोजच्या बोलण्यातला बराचसा भाग त्याखाली असल्याने सुरुवातीला काही जाणवत नाही. मग ‘स’, ‘श’, ‘फ’ गळू लागतात. समोरचा पुटपुटतोय असे वाटते, टीव्हीचा आवाज वाढत जातो. काम संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहणे, कान दाटल्यासारखे होणे, ही त्याआधीची खूण. रात्रभर झोपूनही ती गेली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्यावी. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

मिस्त्रीसाठी यात आणखी एक तोटा आहे. बेअरिंग खराब होऊ लागले की ते आधी बारीक, वरच्या पट्टीत किणकिणते. खडखडाट नंतरचा. कान जायला सुरुवात होते तीही वरच्या पट्टीतूनच. म्हणजे गिऱ्हाइकाचे बोलणे त्याला व्यवस्थित ऐकू येत असते, गाणेही ऐकू येत असते, आणि मोटारीचे बेअरिंग ‘ओके’ म्हणून तो परत पाठवत असतो.